चार बल्ब विझेपर्यंत

चहात साखर विरघळायची वाट सर कधी पाहत नसत. कप हातात आला की दोन घोटांत चहा संपायचा आणि मग तळाशी राहिलेली साखर ते चमच्याने खायचे. काकू म्हणायच्या, "उद्यापासून चहा आणि साखर वेगवेगळीच देते. पोटात गेल्यावर होईल त्यांची भेट."

जव्हारला मी कॉलेजसाठी आले, तेव्हा या दोघांच्या घराची मागची खोली मला राहायला मिळाली. सर आमच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. शिकवायला सुरुवात ते जिन्यातच करत. वर्गात शिरेपर्यंत पहिलं वाक्य अर्धं झालेलं असे, आणि ते अर्धं वाक्य आम्ही कुणी कधीच ऐकलं नाही. एसटी स्टँडवर जी गाडी आधी सुटेल तिच्यात ते बसत. डहाणूला जायला निघाले आणि नाशिकला पोहोचले, असं एकदा खरोखर झालं होतं. परत आल्यावर म्हणाले, "पण वाट बघण्यात वेळ गेला नाही!"

मी सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. घरची बोली वेगळी, वर्गातली मराठी वेगळी. म्हणून कुणी काही विचारलं की मी आधी मनात वाक्य जुळवायची, ते नीट उभं राहतंय का बघायची, आणि मग तोंड उघडायची. तोवर विचारणारा पुढे निघून गेलेला असे. सरांपुढे तर माझं काहीच चालत नसे. माझे पहिले दोन शब्द ऐकून पुढचं वाक्य ते स्वतःच करत, आणि मग त्या वाक्याशी भांडत.

"सर, पाण्याचा..."

"पाण्याचा पंप बंद आहे, माहीत आहे मला! मी काय करू? लाइटच नाही तर!"

पाण्याचा हंडा त्यांच्या पुस्तकांवर कलंडलाय, एवढंच मला सांगायचं होतं.

त्यांच्या घराच्या पुढच्या खिडकीत देवाच्या फोटोच्या जागी जळलेल्या वस्तू मांडलेल्या असत. काळी पडलेली मोटर, फुगलेला कपॅसिटर, वितळलेला प्लग, अर्धी इस्त्री. पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याला ती खिडकी दाखवली जाई. यातलं काहीही लपवावं असं सरांना वाटत नसे. "जळल्याशिवाय कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि काकूंचं त्यावरचं उत्तरही ठरलेलं. "आणि कळलं तरी जळतंच."

काकूंचं माहेर मोखाड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. फार लांब नाही. पण काकूंना डिझेलचा वास सोसत नसे. नुसत्या मळमळीवर भागत नसे. एसटीत बसल्या की पहिल्या वळणावर उलटी, दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी. एकदा मोखाड्याला उतरल्यावर त्यांना माहेरच्या घराऐवजी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. जीपमध्येही तेच. वडील होते तोवर बैलगाडी यायची. वडील गेले, बैल विकले, आणि काकूंचं जाणं थांबलं. त्यांची आई आता म्हातारी झाली होती, तिला घरातून अंगणात यायलाही कुणाचा हात लागायचा. काकूंचा भाऊ बाजारच्या दिवशी जव्हारला आला की ओट्यावर बसायचा आणि जाताना एकच निरोप द्यायचा. "आये इचारत होती. येशील का म्हून."

काकू त्याच्या पिशवीत काहीतरी खाऊ भरून देत आणि तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभ्या राहत.

एका बाजाराला सरांनी हे पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, "वास नसलेली मोटार बनवतो. बॅटरीवरची. होळीच्या आत तुला आईच्या दारात उतरवतो."

"आधी घरातला पंखा दुरुस्त करा," काकू म्हणाल्या. पण ते सांगताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता. मी पाहिलं.

इंजिन गेलेली एक जुनी मोटार सरांनी मिळवली. भिवंडीच्या एका भंगारवाल्याकडून गोदामात माल उचलणाऱ्या बॅटरीच्या गाडीची मोटर आणली, आणि तिच्यासोबतचा कंट्रोलर. पाय जितका दाबाल तितकीच वीज मोटरला सोडणारा हा लोखंडी डबा. भंगारवाल्याने आधीच सांगितलं होतं की असा दुसरा त्याच्याकडे नाही आणि पुन्हा येईल याची खात्रीही नाही. म्हणजे हा जळला तर खिडकीत आणखी एका वस्तूची भर पडणार, आणि काकूंचं माहेर तिथेच राहणार.

ट्रकच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. मागच्या सीटखाली कंट्रोलर बसवला. बॅटऱ्या आणि कंट्रोलर यांच्यामध्ये एक मोठा विजेचा खटका होता. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की तो 'खट्' करून पडायचा आणि बॅटऱ्या जोडल्या जायच्या.

पण एक अडचण होती. कंट्रोलरच्या तोंडाशी वीज साठवून ठेवणारे मोठमोठे कपॅसिटर असतात. सरांनी त्यांच्या जोडीला आणखी एक रांग बसवली होती. ते रिकामे असताना बॅटरी एकदम जोडली की सगळी वीज एका क्षणात त्यांच्यात धावते, आणि त्या लोटाने खटक्याची तोंडं वितळून एकमेकांना चिकटतात. म्हणून खटका पाडण्याआधी बाजूच्या एका बारीक वाटेने, रेझिस्टरमधून, थोडी थोडी वीज सोडून ते भरून घ्यायचे असतात. हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. आम्हाला तेच तर शिकवायचे. पण मोटार पहिल्यांदा जोडून झाली, तेव्हा रेझिस्टर घरात नव्हता आणि दुकान उघडायला तासभर होता.

"बघू तरी," सर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

असा आवाज झाला की शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या. खटका चिकटला, बटण सोडलं तरी सुटेना. शेवटी पान्याने बॅटरीची वायर सोडवावी लागली. कंट्रोलर वाचला. खटका खिडकीत गेला.

मग सर दुसऱ्या टोकाला गेले. त्यांनी भलामोठा रेझिस्टर आणला, हजार ओहमचा. "आता इतकी सावकाश सोडतो की बॅटरीलाही पत्ता लागणार नाही." कंट्रोलरवर मीटर लावला. काटा शून्यावरून निघाला आणि गोगलगायीसारखा चढू लागला. चार बॅटऱ्यांचे मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट, तिथवर पोहोचायला हवा होता. अठ्ठावीसला थांबला. सर येरझाऱ्या घालू लागले. काटा तिथेच. सरांनी मीटरवर टिचकी मारली. काटा तिथेच.

"मीटर खोटं बोलतंय," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

कोंबड्या या वेळी आधीच छपरावर होत्या. दुसरा खटकाही गेला.

दुपारी सर ओट्यावर बसले होते. पुढ्यातला चहा निवत होता आणि त्यांनी तो उचलला नव्हता. ते बघून मला भीती वाटली. काकू तांदूळ निवडत होत्या. मी बराच वेळ मनात एक वाक्य फिरवत होते. शेवटी म्हटलं, "सर, टँकर..."

"टँकर आला? आज कसा आला? बादल्या काढा!"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "अहो, पोरीला एकदा बोलू द्या ना! या घरात राहायला आली तेव्हापासून तिचं एक वाक्य पुरं झालेलं मी ऐकलं नाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि खरंच उजव्या हाताचा तळवा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. तसेच बसले.

आता मागे फिरता येत नव्हतं. मी म्हणाले, "आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी विहिरीत सोडतो. ड्रायव्हर नवा असला की व्हॉल्व एकदम उघडतो. मग पाणी कोरड्या तळावर आपटतं, गाळ वर येतो, आणि दिवसभर ते पिता येत नाही. म्हणून आमच्या बाया त्याला आधी थोडाच उघडायला लावतात. तळ झाकला, गुडघाभर पाणी झालं, की मग सांगतात, आता सोड."

"तेच तर केलं मी! थोडं थोडं..." सरांचा हात तोंडावरून निसटला होता. काकूंनी बघितलं. हात परत जागेवर गेला.

"पण फारच थोडं सोडलं ना सर, तरी विहीर भरत नाही. कारण बाया काही थांबत नाहीत. हंडे खाली सोडलेलेच असतात. वरून पडतं तेवढं उपसलं जातं. पाणी अर्ध्यावरच राहतं. मला वाटतं... कंट्रोलरच्या आतसुद्धा कुणीतरी उपसतंय."

मग सर तोंडावरचा हात न काढताच उठले आणि आत गेले. थोड्या वेळाने मोटारीच्या सीटखालून त्यांचा आवाज आला. "उपसतंय! अगं, उपसतंय! त्याची स्वतःची लहान सर्किटं याच कपॅसिटरवर जगतायत!"

त्या दिवशी आम्ही ओट्यावर खडूने गणित मांडलं. फार लहान रेझिस्टर नको, लोट येतो. फार मोठा नको, भरतच नाही. पन्नास ओहमच्या आसपासचा, ताप सोसणारा, जाड तारेचा घेतला की झालं. सर चपला घालून दुकानाकडे निघालेसुद्धा. पण मला आणखी एक शंका होती. वीज भरली हे सरांना कळणार कसं?

"मीटर आहे की."

"मीटर खोटं बोलतं म्हणाल," काकू म्हणाल्या.

"मग मनात आकडे मोजीन."

"तुम्ही? तुम्ही एकावरून थेट दहावर जाता."

मी म्हणाले, "सर, रेझिस्टरच्या जागी बल्ब लावले तर? जीपच्या मागच्या दिव्याचे, बारा व्होल्टचे. चार बॅटऱ्या आहेत, तर चार बल्ब, एकामागे एक."

"बल्ब!" सर ओरडले. "बल्बचा रेझिस्टन्स एका जागी राहतो का? थंड असताना कमी, तापला की वाढला! पेपरात असं लिहिलंस तर मार्क कापीन!"

"थंड असतानाही पुरतोय सर. गणित केलंय मी. सुरुवातीचा लोट बल्ब आणि तार सोसतील तेवढाच राहतो. आणि आतल्या उपशाने काही बिघडत नाही, कारण विझत आलेला बल्ब थंड होतो आणि वाट मोकळी होते." पुढचं बोलावं की नाही कळेना. पण वाक्य तोंडात आलंच होतं. "आणि तुम्हाला बघायला काहीतरी होईल. भरत असताना बल्ब पेटलेले राहतील. भरलं की आपोआप विझतील. मग बटण दाबायचं."

"आणि नाय विझले तर?" काकूंनी विचारलं.

"तर आत काहीतरी चुकलंय. मग बटण दाबायचंच नाही."

सर काकूंकडे वळून म्हणाले, "पोरगी रेझिस्टर मोटारीला नाही, मला लावतेय."

"लावू द्या," काकू म्हणाल्या. "मला तर कधी मापाचा मिळाला नाय."

चारही बल्ब डॅशबोर्डवर ओळीने बसले. किल्ली फिरवली की एकदम उजळायचे, पिवळे व्हायचे, लाल व्हायचे, आणि एक दीर्घ श्वास सोडावा तितक्या वेळात विझून जायचे. मग सर बटण दाबायचे. खट्. आवाज बस तेवढाच. दिवे उजळले की काकूंचे हात नकळत जोडले जात. सर मान पुढे काढून त्या दिव्यांकडे असे बघत, जसं लहान मूल उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतं. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

मोटार चालवून बघायला आम्ही शिरपामाळच्या रस्त्यावर जात असू. तिथे फिरायला आलेली माणसं असतात. चढावर आमची मोटार आवाज न करता, सावकाश, एखाद्या म्हशीसारखी चालायची. एकदा मागे बघते तर दोन पाहुणे गाडीला हात लावून जीव खाऊन ढकलत होते. त्यांना वाटलं, बंद पडली. सर खिडकीतून ओरडले, "अहो, चालू आहे! सोडा!" त्यातला एक धापा टाकत म्हणाला, "काका, चालू असेल तर निदान तसा आवाज तरी करा!"

आता मी नाशिकला पुढचं शिकते. तोंडी परीक्षेत अजूनही माझं पहिलं वाक्य यायला वेळ लागतो. समोरचे परीक्षक पेन वाजवू लागतात. पूर्वी त्या आवाजाने माझं उरलेलं वाक्यही पळून जायचं. आता मला ते चार दिवे आठवतात. विझायला लागतो तेवढा वेळ मी घेते, आणि मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलते.

काकूंना घेऊन माहेरी निघायचा तो दिवस होळीच्या थोडा आधीचा होता. काकूंच्या माहेरी बोहाड्याची तयारी चालू होती. तिथे देवांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, आणि एका सोंगाचा मान काकूंच्या माहेरच्या घराकडे आहे. वडील नाचवायचे, आता भाऊ. काकूंनी ते कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सकाळीच त्या ठेवणीतली साडी नेसून तयार झाल्या. आईसाठी नागलीचे लाडू केले होते, ते पितळी डब्यात भरले. सवयीने पदरात लिंबूही बांधून घेतलं. सर तर पहाटेपासून हॉर्न वाजवून बघत होते. मला म्हणाले, "तू मागे बस. दिवे तुझे आहेत."

काकू सरांच्या शेजारी बसल्या. सरांनी किल्ली फिरवली. चारही बल्ब उजळले.

आणि उजळलेलेच राहिले.

पिवळे झाले नाहीत, लाल झाले नाहीत. शेजारची माणसं निरोप द्यायला फाटकाशी जमली होती. कुणीतरी ओरडलं, "चला मास्तर, निघा आता! बाई वाट बघून थकली!" सरांचा अंगठा बटणावर होता. मला ओरडायचं होतं, आणि नेहमीप्रमाणे वाक्य मनातच जुळत होतं. मी फक्त तो अंगठा बघत होते. काकूंनी पदरातलं लिंबू मुठीत घट्ट धरलं होतं.

सरांनी अंगठा उचलला. किल्ली मागे फिरवली. दिवे गेले.

"उतरा," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

त्यांनी मागची सीट वर केली. कंट्रोलरवरचं झाकण लावलेलंच नव्हतं. त्याचे चार स्क्रू सरांच्या खिशात होते, 'नंतर लावू' म्हणून ठेवलेले. आणि उघड्या कंट्रोलरवर, बॅटरीच्या दोन्ही वायरी जिथे येतात त्या दोन बोल्टांवर, नीट आडवा ठेवलेला काकूंचा पितळी डबा होता.

"उन्हात लाडू सुटतील म्हणून तिथे सावलीत ठेवला," काकू म्हणाल्या.

वीज कपॅसिटरमध्ये न भरता त्या डब्यातूनच पलीकडे जात होती, म्हणून दिवे विझले नव्हते. बटण दाबलं गेलं असतं, तर चार बॅटऱ्यांचा सगळा जोर त्या डब्यातून गेला असता. सीटखाली आग, आणि त्या सीटवर मी. सर खाली बसले. डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून काकूंच्या हातात दिला. मग खिशातून स्क्रू काढले आणि एकेक करून चारही लावले. शेवटचा दोनदा आवळला.

"माझ्या डब्याला नाव ठेवू नका," काकू शेवटी म्हणाल्या. "झाकण तुमचं उघडं होतं."

"नाही ठेवत," सर म्हणाले.

पुन्हा किल्ली. दिवे उजळले, पिवळे झाले, लाल झाले, विझले. सर तरीही क्षणभर थांबले. मग खट्.

रस्ता वळणांचा. पहिलं वळण आलं, सर तिरक्या नजरेने काकूंकडे बघू लागले. दुसरं आलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. चढावर एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. टपावर माणसं बसलेली एक जीप गेली, वरून हाक आली, "वो मास्तर, ढकलू का?" जीपच्या धुराबरोबर काकूंनी लिंबू नाकाशी नेलं. धूर विरला, लिंबू खाली आलं. आणि मग त्या एकदम म्हणाल्या, "थांबवा जरा."

सरांचा चेहरा पडला. "होतंय का काही?"

"नाय हो. मोह पडलाय. वास येतोय बघा."

रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा होता. गाडीत दुसरा कसलाच वास नव्हता, म्हणून तो उघड्या खिडकीतून सरळ आत येत होता. काकूंनी डोळे मिटून श्वास घेतला. सर त्यांच्याकडे बघत बसले. घाई करा, असं कुणीही म्हणालं नाही.

दुपार कलायला आम्ही मुख्य रस्ता सोडून आत वळलो. कुडाचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, दाराशी उलटी ठेवलेली टोपली. मोटार अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. आणि कुणीच बाहेर आलं नाही. पाड्यावर गाडीचा आवाज आला की पोरंसोरं धावत येतात. आमच्या गाडीला आवाजच नव्हता. दाराशी झोपलेल्या कुत्र्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

सरांचा हात सवयीने हॉर्नवर गेला. पहाटेपासून याच क्षणासाठी तो हॉर्न तपासला जात होता. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. हात हॉर्नवरून उचलला, आणि तळवा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

काकू उतरल्या. डबा कमरेवर घेतला. अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. केसांत पांढरं आलेली ती बाई, मुलगी असताना रानातून घरी परतल्यावर मारत असेल तशी हाक मारत होती.

"आये!"

आत काहीतरी हललं. एक काठी आपटली. मग अंधाऱ्या दारातून एक थकलेला, पण ओळखून चुकलेला आवाज आला.

"आली गं माझी? पायीच आलीस काय? गाडी तं वाजली नाय."